ज्येष्ठ कवी आणि तुरीचा डबा

"लिहिण्यानं काय होतंय? संमेलनात दिसायला पाहिजे," असं भालकीच्या माझ्या मित्रानं मला सुनावलं. "पर्सनल ब्रँडिंग म्हणतात त्याला." मित्र विमा विकतो, त्यामुळे भविष्याबद्दल तो बोलला की आम्ही घाबरून ऐकतो.

पाचशे व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. नुसतं 'कवी' लिहिलं तर जागा फार उरते, असं छापखानेवाला म्हणाला. 'ज्येष्ठ' त्यानं सुचवलं, 'समीक्षक' मी घातलं आणि तरीही कोपरा मोकळा दिसला म्हणून 'विचारवंत' झालो. वय बेचाळीस.

तेवढ्यात, २०२२च्या एप्रिलमध्ये, ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगीरला भरलं. म्हणजे आमच्या उंबऱ्यातच. १९५६पर्यंत उदगीर आमच्याच बीदर जिल्ह्यात होतं. राज्यपुनर्रचनेत ते तिकडं गेलं, आम्ही इकडं राहिलो. भालकीला गाडीत बसलं आणि कमलनगर मागं पडलं की राज्य बदलतं, डब्यातली भांडणं त्याच मराठीत चालू राहतात. अध्यक्ष भारत सासणे यांच्या हाती कार्ड द्यायचा बेत होता. पण गर्दीत तिथवर पोचेना, म्हणून शेजारच्या गृहस्थांना दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, मान डोलावली आणि वारा घ्यायला लागले. एवढ्या उन्हात एका कार्डानं काय होणार? मी आणखी दोन दिली.

मग चटकच लागली. पुढच्या एका संमेलनात (नाव कशाला घ्या!) कविकट्ट्यावर माझा नंबर एकशे सदतिसावा होता. समोर नऊ श्रोते. आठांच्या हातात घडी घातलेले कागद, म्हणजे ते एकशे अडतीस ते एकशे पंचेचाळीस. नववा टेकून झोपला होता. तोच खरा रसिक, कारण तो शेवटपर्यंत उठला नाही. निवेदकानं विचारलं, "बीदरहून? मग कन्नड कवी का?" मी म्हटलं, "नाही हो, मराठीच." तो म्हणाला, "वा! मराठी छान बोलता." टाळ्या पडल्या त्या एवढ्याच.

परतताना बसवकल्याणला उतरलो. बाराव्या शतकात बसवण्णांचा अनुभव मंटप इथलाच. अध्यक्षस्थानी अल्लमप्रभू, चर्चेला अक्कमहादेवी. चांभार, नावाडी, धोबी सगळे एकाच बैठकीत. आणि ही माणसं वचनाखाली स्वतःचं नाव घालत नसत. बसवण्णा लिहीत 'कूडलसंगमदेव', अक्का 'चेन्नमल्लिकार्जुन', अल्लम 'गुहेश्वर'. सही देवाची! आमच्या मराठी संतांची तऱ्हा वेगळी: नामा म्हणे, चोखा म्हणे, तुका म्हणे. मी पडलो सीमेवरचा. कार्ड काढताना रक्तातली मराठी उसळते आणि ते कुणी घेत नाही तेव्हा कन्नड वैराग्य येतं. त्या मंटपात कार्डं वाटली गेली असती तर, असा विचार करत खिशातला गठ्ठा चाचपला. चारशे तरी उरली होती.

घरी आल्यावर बायकोनं गठ्ठा हातात घेतला. "अहो, पुठ्ठा बरा आहे की! मागं कोरंही आहे." दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर माझं कार्ड, उलटं चिकटवलेलं. कोऱ्या बाजूवर तिच्या ठसठशीत अक्षरात: हळद, साखर, जवस, तूरडाळ.

आधी राग आला. मग तुरीच्या डब्यासमोर उभा राहिलो. कलबुर्गीच्या तुरीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठी ती कुठल्या संमेलनाला गेल्याचं ऐकिवात नाही. काळ्या मातीत उगवली, शिजली की चवीला लागली, एवढंच तिचं कर्तृत्व. पुढं तिचं नाव आणि मागं, डिंकात, ज्येष्ठ कवी, समीक्षक व विचारवंत.

परवा शेजारच्या अक्का वाटीभर डाळ मागायला आल्या. डबा उघडताना कार्डाचा सुटलेला कोपरा उचलून त्यांनी मागचं वाचलं आणि विचारलं, "ह्यो कुठल्या कंपनीचा माल?"