हलू नका रे!

पूर्वी तपासणीचे साहेब शाळेत आले की टाचणवही मागायचे. आता येतच नाहीत, फोटो चढवायची लिंक पाठवतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत रोप लावलं की आधी फोटो निघतो, पाणी मागाहून, सवडीनं. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. मुलं पुस्तकं उघडतात, ‘हलू नका रे!’ ऐकून श्वास रोखतात आणि फोटो निघाला की पुस्तकं मिटतात. एखाद्याच्या हातात पुस्तक उलटं असलं तरी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठे सुलटेच येतात.

वर्गातलं जगाला सांगू नये असं कोण म्हणतं? लीलाताई पाटलांनी कोल्हापूरच्या ‘सृजन आनंद’ शाळेतले अनुभव लिहिले, ते अजून वाचावेसे वाटतात. त्यातली मुलं अडतात, चुकतात, बाईंनाच प्रश्न विचारतात. आमच्या ग्रुपवरची मुलं कधीच चुकत नाहीत. त्यांच्या मागे फलक असतो, फलकावर उपक्रमाचं नाव, आणि मधोमध सर. गणित कुठे अडलं, त्याचा फोटो निघत नाही. लिंकवर तसा रकानाही नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला जुंपू नये. फोटो चढवणं यातल्या कोणत्या आपत्तीत मोडतं, हे कुणाला ठाऊक असल्यास कळवावं. आज दुपारी तीनच्या आत, जिओटॅगसह.