शांतता, दोन वेळच्या जेवणासह

आमचा भाचा चंडीगडचा. पत्ता विचारलात तर आकडा सांगतो. सिटी ब्युटिफुल म्हणून मिरवणाऱ्या त्या शहरात पाण्याची हौस ओढा अडवून १९५८ साली केलेल्या सुखना तलावावर भागवावी लागते. तेव्हा यंदा तो म्हणाला, "मामा, खरा समुद्र, जुनं गाव आणि तंबू. गर्दी नको."

मी त्याला रेवदंड्याला नेलं.

आता रेवदंडा-चौल म्हणजे काय साधं गाव? टॉलेमीच्या काळापासून जगाला ठाऊक असलेलं बंदर. अरब आले, पोर्तुगीज आले. त्यांनी १५२४च्या सुमारास कोट बांधायला घेतला, तो १७४० साली मराठ्यांकडे आला. त्या कोटात आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि मधून डांबरी रस्ता जातो. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथेच उतरला, विकायला एक घोडा घेऊन. पुढे जुन्नरच्या खानाने तो घोडा काढून घेतला. बऱ्याच खटपटीनंतर परत मिळाला. परगावच्या माणसाच्या वाहनाला आपल्याकडे तेव्हापासूनच जागा नाही.

हे सगळं मी सातखणी मनोऱ्याखाली उभा राहून सांगितलं. नाव सातखणी, उरलेत चारच खण. भाच्याने मान डोलावली आणि विचारलं, "चार्जिंग कुठे?"

सुरूच्या बनात तंबूंची रांग होती, नंबर घातलेली. आमचा चौदा. बाराच्या शेजारीच चौदा, म्हणजे तेरा इथेही नाहीच. चंडीगडनेही १३ नंबरचा सेक्टर कित्येक वर्षं ठेवला नव्हता, त्यामुळे त्याला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पॅकेजमध्ये शेकोटी, कोळशावरची कोंबडी, नाश्त्याला पोहे आणि 'निवांत शांतता'. ही शांतता दोन मोठ्या स्पीकरांतून रात्री साडेअकरापर्यंत पुरवण्यात आली. मासे मात्र कुठेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, पाहुणे काट्याला घाबरतात. शेजारी वलांडीवर बोंबील वाळत होते. त्या वासाबद्दल सहा नंबरच्या तंबूने तक्रार केली. कोळीवाड्यात येऊन! तरी तंबूवाला हसून "बघतो साहेब" म्हणाला. मालकच तो, वाढपीही तोच.

पहाटे चार वाजता इंजिनाची धडधड सुरू झाली. होड्या निघाल्या होत्या. भाचा ताडकन उठून बसला. "मामा, हा काय गोंगाट? पैसे शांततेचे दिलेत!" मी समजूत काढेपर्यंत त्याने तंबूवाल्याला फोन लावलासुद्धा.

घंटी वाजली. आमच्या कानाशी वाजली, आणि समोर काळोखात, पहिल्या होडीवरही वाजली.

"बोला साहेब," पलीकडून आवाज आला, "जरा मोठ्याने, इंजिन चालू आहे."