हँडब्रेक : जावयांसाठी प्रवेशिका

प्रस्तुत मार्गदर्शिका ऑटोमॅटिक गाडी बाळगणाऱ्या समस्त सुशिक्षित पुरुषवर्गासाठी आहे. ती लिहिताना लेखिकेच्या डोळ्यांसमोर कोणीही विशिष्ट व्यक्ती नाही. हेब्बाळला राहणारे, संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले, सांगलीकरांचे एकुलते एक जावई हे वाचून दुखावले, तर तो निव्वळ योगायोग समजावा.

नियम पहिला. गाडी आधी थांबते, मग 'पी' पडतो. बेसमेंटमध्ये गाडी अजून घरंगळतेच आहे, एका हातात फोन, दुसऱ्याने 'पी', खालून कर्रर्र आवाज, आणि वर आम्हालाच धीर : "आई, ते नॉर्मल आहे." जावईबापू, ते नॉर्मल नाही. 'पी' म्हणजे गिअरबॉक्समधलं एक दातेरी चाक आणि त्याच्या खाचेत अडकणारी बोटभर लोखंडी खिट्टी. चाक फिरत असलं की ती खाचेत बसत नाही, दातांवरून घासत उडत राहते. तोच तो आवाज. टनभर वजन त्या खिट्टीच्या जिवावर सोडून लिफ्टकडे चालू लागायचं, याला आमच्याकडे भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात.

नियम दुसरा. उतारावर क्रम चुकवू नये. पायाचा ब्रेक दाबलेला, गिअर 'एन'ला, हँडब्रेक वर. मग पाय हळूच उचलायचा. गाडी जराशी सरकते आणि हँडब्रेकवर विसावते. तिला विसावू द्यावं. पुन्हा पाय ब्रेकवर, आणि आता 'पी'. असं केलं की भार मागच्या चाकांच्या ब्रेकवर राहतो, खिट्टीला तोशीस नाही. नुसत्या 'पी'वर ठेवली तर सगळा भार खिट्टीवर, आणि सकाळी लिव्हर हलत नाही. मग ओढाताण, मग ठक्क! तोवर नऊ वाजलेले, फ्लायओव्हरवर बेल्लारी रोड आणि रिंग रोड एकमेकांच्या अंगावर आलेले, देवनहळ्ळीचं विमान गाठणाऱ्या टॅक्स्यांचे हॉर्न. आणि चिडचिड कोणावर? डबा उशिरा भरला म्हणून माझ्या मुलीवर.

नियम तिसरा. निघताना हँडब्रेक खाली करावा. डॅशबोर्डवरचा तो लाल दिवा शोभेचा नव्हे.

नियम चौथा. बटणाचा हँडब्रेक असेल, तर ते बटण लावावं लागतं. नुसतं असून भागत नाही. 'ऑटो होल्ड' हा निराळा प्राणी. तो सिग्नलला पायाला विसावा द्यायला आहे, गाडी त्याच्या स्वाधीन करून नारळपाणी प्यायला उतरायला नव्हे.

नियम पाचवा, पंक्चरचा. पुढचं चाक जॅकवर घेताना 'पी'वर विसंबणं हा शुद्ध वेडेपणा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत 'पी' पुढचीच चाकं धरतो, तीही डिफरन्शियलच्या मार्फत. एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरतं, जमिनीवरचं दुसरंही मग सुटतं, आणि गाडी जॅकवरून उतरते. मागची चाकं धरायला हँडब्रेकच लागतो. हा नियम वाचून झाल्यावर पुन्हा वाचावा.

नियम सहावा. मुलीच्या छोट्या गाडीत बसून 'पी' शोधू नये. ती एएमटी आहे. तिच्यात 'पी' नसतोच. गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करायचं आणि हँडब्रेक ओढायचा. मुलगी न चुकता ओढते. मी शिकवलंय तिला, आंबा घाटात, मारुती ८०० वर.

आता खरं सांगायचं तर माणूस लाखात एक आहे. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर हॉस्पिटलच्या बाकावर बसून होते, सकाळी फिल्टर कॉफी घेऊन हजर. कन्नड इतकी छान बोलतात की वॉचमनही "सार, सार" करत यांच्यापाठी असतो. तो बिचाराही दोनदोनदा म्हणतो, "हँडब्रेक, सार." त्याला हसून हात दाखवतात.

आमच्या ह्यांनी आयुष्यभर प्रीमियर पद्मिनी चालवली. कुठंही थांबले की हँडब्रेक, पहिला गिअर आणि चाकाखाली दगड. हेब्बाळच्या तळ्याकाठी, गोटी ठेवली तरी हलणार नाही अशा सपाट रस्त्यावरही हे दगड घेऊन उतरले. जावईबापू म्हणाले, "बाबा, ही ऑटोमॅटिक आहे." हे म्हणाले, "दगड मॅन्युअल आहे."

अपवाद एकच. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, त्यातून पावसाळा, तर सपाट जागी हँडब्रेक ओढून ठेवू नये. मागच्या ड्रमचे ब्रेकशू गंजून चिकटतात. अशा वेळी नुसता 'पी' चालेल, मात्र चाकाच्या पुढेमागे काहीतरी अडकवायला हवं. दिवाळीला तुम्ही मंडळी सांगलीला विमानाने आणि बसने येणार आहात म्हणून सांगते : डिकीत स्टेपनीशेजारी वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन दगड आहेत. ह्यांनी मागच्या खेपेला ठेवलेत. धुतलेले आहेत.