वाचकांचे स्वामिनाथपण

कुंभकोणमजवळच्या स्वामीमलै या क्षेत्री पुत्र मुरुगनाने प्रत्यक्ष पित्याला, शंकराला, शिष्यासारखे समोर बसवून प्रणवाचा अर्थ सांगितला अशी श्रद्धा आहे; म्हणून तेथे तो स्वामिनाथ. आणि विज्ञानकादंबरीचा शेवट न आवडलेला वाचकही तद्वतच लेखकाचा गुरू होऊन बसतो, फरक इतकाच की मुरुगनाला अर्थ ठाऊक होता. एच. जी. वेल्सच्या १८९८ सालच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'वरील फिर्यादच पाहा ना: मंगळवासीयांनी लंडन ओस पाडले, तोफखाना हतबल झाला, आणि अखेरीस त्यांना मारले कोणी, तर क्षुद्र जंतूंनी! कोणाला तेथे पराक्रमी सेनापती हवा होता, कोणाला एखादे नवे अस्त्र, आणि कोणाला निदान तहनामा तरी. वस्तुतः सूक्ष्मदर्शकाखालच्या पाण्याच्या थेंबातील जीवांचा दाखला वेल्सने पहिल्याच परिच्छेदात देऊन ठेवला आहे. पण फिर्यादीच्या घाईत दप्तराचे पहिले पान उलटण्याची तसदी कोण घेणार? पुन्हा स्वामीमलैकडेच पाहा: तेथील धातूच्या मूर्ती घडवणारा स्थपती मेणाच्या मूर्तीवर कावेरीकाठच्या मातीचे लेप चढवतो, साचा तापवून मेण वाहून जाऊ देतो आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततो. साचा फोडल्यावर 'नाक जरा सरळ हवे होते' असे म्हणणे व्यर्थ, कारण नाक मेणातच ठरलेले असते, जसा वेल्सचा शेवट पहिल्या परिच्छेदातच. शेवट फसलेल्या कादंबऱ्या मराठीतही थोड्या नाहीत, त्यांची वकिली मी करीत नाही. मात्र वेल्सवरील हा दावा खर्चासह फेटाळण्यास पात्र आहे.