बेडशाचा रिस्टोअर पॉइंट

बेडशाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत एका खोलीच्या दारावर नाशिकच्या आनंद शेठीच्या मुलाचं, पुष्यणकाचं, दान कोरलेलं आहे. दोन हजार वर्षं झाली, फाइल अजून उघडते. एकोणिसाव्या शतकात मात्र साहेब लोक बघायला येणार म्हणून लेण्याला रंगसफेदी झाली आणि उरलीसुरली चित्रं गेली. बॅकअप न घेता मारलेलं मावळातलं हे पहिलं ‘रीसेट’ असावं.

परंपरा आम्ही पायथ्याशी जपली आहे. विंडोजमध्ये ‘सिस्टिम रिस्टोअर’ २००० सालापासून आहे, पण बऱ्याच संगणकांवर ते बंदच असतं. स्टेपनी आहे, हवा आपण भरायची! मी भरली. वर १६ जीबीचा पेन ड्राइव्ह खुपसून रिकव्हरी ड्राइव्हही केला. ‘यातलं सगळं पुसलं जाईल’ असं संगणकानं बजावलं, मी न वाचताच ‘पुढे’ दाबलं. पुतण्याच्या हळदीचे फोटो त्यातच होते.

आता विंडोज केव्हाही परत येईल. हळद येणार नाही. रिस्टोअर पॉइंट संगणकाची घडी सांभाळतो, घरचे फोटो नाही. वहिनी विचारतात, “भाऊजी, फोटो कुठंयत?” मी डोंगराकडे बघतो. पुष्यणकाकडे छिन्नी होती.