सेवा सशुल्क, सिंहाचे वेगळे

जालन्यात पैसा आला की आधी सळईत जातो, मग प्लॉटमध्ये, मग लग्नात, आणि तरीही उरलाच तर लेकराच्या ‘प्रोफाइल’मध्ये. हे चौथं खातं नवीन आहे. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात नुसते टक्के भागत नाहीत म्हणे, समाजसेवाही दाखवावी लागते. दाखवावी लागते म्हणजे ती दाखवण्याजोगी असावी लागते. बदनापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत इंग्रजी शिकवलं तर ती शिकवणी. तेच केनियात शिकवलं तर नेतृत्वगुण.

आमच्या कॉलनीतले एक चिरंजीव येत्या ऑगस्टात निघालेत. त्यांची कार्यक्रमपत्रिका पाहिली. दोन आठवडे. सोमवार ते शुक्रवार सकाळी मुलांना शिकवणे आणि शाळेच्या भिंती रंगवणे. दुपारी ‘स्थानिक संस्कृतीचा परिचय’, म्हणजे बाजारात फिरणे. शनिवार-रविवार मसाई मारा. शेवटचे चार दिवस किनारा: दियानीची पांढरी वाळू, प्रवाळ, शिडाच्या होडीतून सूर्यास्त. तळाशी बारीक अक्षरांत या सेवेचं शुल्क, आणि त्याहून बारीक अक्षरांत ‘उद्यानाचे प्रवेशशुल्क वेगळे’. हे वेगळे म्हणजे किती, तर मारामध्ये जुलै ते डिसेंबर परदेशी पाहुण्याला दिवसाला २०० डॉलर.

आपल्याकडे सप्त्याला पट्टी असते, भंडाऱ्याला वर्गणी असते. पण वर्गणी भरली म्हणून कुणी भांडी घासायला बसवून वर ‘भांडी घासण्याचा अनुभव’ असं प्रमाणपत्र देत नाही. इथे रंगारी स्वतः पैसे भरून, विमानाने येतो. दर पंधरा दिवसांनी नवी तुकडी येत असेल तर ती भिंत वाळते कधी, असं मी विचारलं. चिरंजीव म्हणाले, “काका, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता.”

चिरंजीवांना इथे सेवेची संधी मिळाली नाही असं कुणी समजू नये. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना होती. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीला सुरू झालेली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिर म्हणजे गावातल्या शाळेत सतरंजीवर झोपायचं, पहाटे प्रभातफेरी, मग नाली उपसायची, दुपारी बौद्धिक आणि रात्री पारावर व्यसनमुक्तीची नाटिका. तिला पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा बहुधा घेऊनच आलेला असतो. तिकीट नाही, शुल्क नाही, एसटीचं भाडंही कॉलेज देतं. चिरंजीवांनी तेव्हा डॉक्टरचा दाखला दिला होता: धुळीची ॲलर्जी. माराची धूळ निराळी असावी.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण आम्हा जालनेकरांना या व्यवहाराचं दुसरं टोकही ठाऊक आहे. आमच्यावर सेवा झालेली आहे.

२०१२-१३ चा दुष्काळ आठवा. म्हातारी माणसं सांगायची, बहात्तर साली दाणा नव्हता पण आडात पाणी होतं, आता दुकानात दाणा आहे आणि आड कोरडा. शहरात आठवडेच्या आठवडे नळ नुसता सू-सू करायचा. अंबड-घनसावंगीकडे मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि ज्या हातांनी पंधरा वर्षं पाणी दिलं, त्याच हातांनी लोकांनी त्यांचं सरपण केलं. त्या उन्हाळ्यात मोठ्या शहरांतून गाड्या यायच्या. गाडीतून आधी बॅनर उतरायचा, मग कॅमेरा, मग पाण्याच्या बाटल्यांचे खोके. टँकरपाशी हंडा भरून निघालेल्या बाईला कुणीतरी म्हणायचं, “ताई, एक मिनिट, हंडा जरा रिकामा धरता का?” ताईंनी तासभर रांगेत उभं राहून भरलेला हंडा खाली ठेवायचा आणि शेजारणीचा रिकामा कमरेला घ्यायचा. चेहरा सुकलेला हवा, पण कॅमेऱ्याकडे बघणारा हवा. सगळेच तसे होते असं नाही. काही माणसं रात्री चाऱ्याचे ट्रक उतरवून पहाटे निघून गेली. त्यांचे फोटो नाहीत, म्हणून ती कुणाच्या प्रोफाइलमध्येही नाहीत.

आता याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट. जालना तालुक्यातलं कडवंची. नव्वदच्या दशकात तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आला. पैसा जर्मनीचा होता, पण जर्मनीहून भिंत रंगवायला कुणी पोरं पाठवली नाहीत. उलट अट घातली ती गावाला: आधी श्रमदान करून दाखवा, चराईबंदी पाळा, कुऱ्हाडबंदी पाळा, मग बोला. मधे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची मंडळी, विजयअण्णा बोराडे यांच्यासारखी माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती ओळखणारी माणसं. बांध, चर, नाले यांची कामं वर्षानुवर्षं चालली. आज तिथे द्राक्षाचे मळे आहेत, शेततळी आहेत आणि ती बघायला बाहेरचे लोक येतात. बाहेरची मदत घ्यायचा आम्हाला राग नाही. ज्याच्याकडे मदत जायची त्याला कुणी ‘तुला काय पाहिजे’ असं विचारलंय की नाही, एवढंच आम्ही बघतो.

केनियाला विचारलं का? चिरंजीव तिथे कॉम्प्युटरही शिकवणार आहेत, ‘डिजिटल साक्षरता’. त्या देशात २००७ सालापासून साध्या बटनाच्या मोबाइलवरून पैसे पाठवतात, एम-पेसा नावाने. बाजारातली भाजीवालीही वापरते. आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ मध्ये. २००७ साली आपण जालन्याच्या बँकेत पैसे काढायची स्लिप भरून, पेन दोऱ्याने बांधलेलं का असतं याचा विचार करत रांगेत उभे होतो.

शिवाय काकूंनी चिरंजीवांच्या बॅगेत चिवडा, शेव, भाजणी आणि मेतकूट अशा चार कॅरीबॅगा भरल्यात. केनियाने ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी घातली, चार वर्षांपर्यंत कैद किंवा चाळीस लाख शिलिंगपर्यंत दंड. तिथे विमानतळावर पाहुण्यांनाही पिशव्या काढून ठेवायला सांगतात. आपल्या महाराष्ट्रातही बंदी आहेच, २०१८ पासून. ती बघायची असेल तर पावसाळ्यानंतर कुंडलिकेच्या पात्रात उतरावं आणि काठच्या बाभळीवर काय फडफडतंय ते मोजावं. म्हणजे ज्या देशाला आपण सुधारायला निघालो, त्याच्या दारात आधी आपली बॅग सुधारावी लागणार. काकूंना सांगितलं. त्यांनी चिवडा डब्यात भरला आणि डबा कॅरीबॅगेत घातला.

अनाथाश्रमाचंही थोडं सांगतो. पत्रिकेत ‘एक दिवस अनाथ मुलांसोबत’ असंही कलम आहे. केनिया सरकारने २०१७ मध्येच नवे अनाथाश्रम नोंदवणं थांबवलं आणि २०२२ च्या बालक कायद्यानंतर भर आहे तो मुलांना घरात, नात्यागोत्यात ठेवण्यावर. कारण उघड आहे. पाहुण्यांचा पैसा मुलांमागे येऊ लागला की आईबाप जिवंत असलेली मुलंही आश्रमात दिसू लागतात. दर पंधरवड्याला नवा दादा येतो, कडेवर घेतो, फोटो काढतो, रडत जातो. पोराने किती दादांना टाटा करायचा?

मग कुणी जाऊच नये का? जावं की. सिंह बघायला जावं, समुद्र बघायला जावं. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही आणि जंगलही नावापुरतं. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरच्या वर पायपीट करत आमच्या शेजारच्या बुलढाण्यात ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला, तर आम्ही महिनाभर त्याच्याच गप्पा मारत होतो. माराच्या फाटकावर दिलेल्या डॉलरांवर तिथल्या अनेकांची पोटं आहेत. गाइडला नीट टिप द्यावी, जेवणाचं बिल भरावं, होडीवाल्याशी फार घासाघीस करू नये. ही सेवा भिंत रंगवण्यापेक्षा मोठी आहे आणि तिला प्रमाणपत्र लागत नाही.

आणि खरोखरच जालन्याचं कुणी सेवेला पाठवायचं असेल तर माझ्याकडे एक उमेदवार आहे. जाफराबादकडचा मका लावणारा शेतकरी, कुणीही चालेल. रात्री रानडुकरं आणि रोही येतात म्हणून हा माणूस माळ्यावर झोपतो. त्याच्या शेताभोवती बायकोच्या, आईच्या, बहिणीच्या जुन्या साड्या बांधलेल्या असतात, लाल, पिवळ्या, जरीच्या. वाऱ्याने हलल्या की जनावर बुजतं असा हिशेब. आठ दिवस बुजतं, नवव्या दिवशी त्याच साडीखालून आत येतं. मग फटाके, मग डबा बडवणं, मग सकाळी लोळवलेल्या मक्यात उभं राहून वनखात्याच्या पंचनाम्याची वाट.

तिकडे केनियात त्सावो उद्यानाच्या अंगाला सगल्ला नावाचा भाग आहे. तिथला शेतकरीही मकाच लावतो, फक्त त्याच्या मक्यात हत्ती येतो. त्याने शेताभोवती मधमाशांच्या पेट्या टांगल्या आहेत, एकीला दुसरी तारेने जोडून. हत्तीची सोंड तारेला लागली की सगळी रांग हलते, माश्या खवळून बाहेर येतात आणि एवढं मोठं धूड शेपूट उडवत मागे फिरतं. माशी हत्तीच्या सोंडेत आणि डोळ्यांभोवती चावते, ते त्याला पक्कं ठाऊक असतं. वर मध विकून चार पैसे मिळतात. हे दोन शेतकरी एका बांधावर बसले तर त्यांना दुभाष्याचीही फारशी गरज पडणार नाही. एक साडी दाखवेल, दुसरा पेटी. माशी डुकराला आवरेल का, यावर दोघे संध्याकाळपर्यंत भांडतील.

कपाशीचंही तेच. केनियाने डिसेंबर २०१९ मध्ये बीटी कपाशीच्या लागवडीला परवानगी दिली, ते वाण आमच्या जालन्यात १९६४ साली सुरू झालेल्या महिको या बियाणे कंपनीचे. बियाणं रीतसर चाचण्या देऊन, कागदपत्रं करून गेलं. पण बीटी इकडे २००२ पासून पेरून ज्याने पहिल्या वर्षांची पांढरी रास पाहिली आणि २०१७ मध्ये बोंड फोडल्यावर आत गुलाबी अळी पाहिली, तो परतूर-मंठ्याचा माणूस काही गेला नाही. त्याला ना इंग्रजी येतं, ना त्याच्या अर्जावर कुणी सही करणार. त्याच्या अनुभवाला तिथे गिऱ्हाईक आहे, पण त्याचा चकचकीत कागद कुणी छापलेला नाही.

आपल्याकडून तिकडे गेलेली माणसं काय करायची तेही जाता जाता बघू. औंध संस्थानचे राजपुत्र आप्पासाहेब पंत १९४८ साली भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. आफ्रिकन मुलांना इकडे शिकायला येता यावं म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्यांचा पाठपुरावा केला, तिथल्या स्वातंत्र्यवाद्यांशी उघड घरोबा ठेवला आणि शेवटी गोऱ्या सरकारच्या डोळ्यांत इतके खुपले की १९५४ पर्यंत त्यांना तिथून हलावं लागलं. पियो गामा पिंटो तर नैरोबीतच जन्मलेला गोवेकर. शिकायला भारतात आला, गोवामुक्तीच्या चळवळीत पडला, अटक टाळायला केनियात परतला आणि तिथल्या लढ्यात उतरला. १९५४ मध्ये इंग्रजांनी त्याला पकडून मांडा बेटावर स्थानबद्ध केलं. पुढे केनिया स्वतंत्र झाला, पिंटो खासदार झाला आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये नैरोबीत त्याच्या घराच्या दारातच त्याला गोळ्या घातल्या.

मांडा बेट लामू बेटाच्या समोर आहे. लामूला जाणारी विमानं तिथेच उतरतात आणि किनाऱ्यावर आता छान रिसॉर्ट आहेत. चिरंजीवांच्या पत्रिकेत ते ‘ऐच्छिक सहल’ या सदरात येतं, दर वेगळा. पिंटोची राहण्याची सोय सरकारी खर्चाने होती.

राहता राहिला कागदांचा मुद्दा. चिरंजीवांनी पिवळ्या तापाची लस घेतली, पिवळं कार्ड पासपोर्टला टाचलं, ऑनलाइन परवानगीही आली. तो कागद मी चष्मा लावून वाचला. प्रवासाचं कारण: पर्यटन. केनियाच्या नियमाने बिनपगारी कामालाही वेगळा परवाना लागतो आणि तो पत्रिकेतल्या शुल्कात धरलेला नाही. चिरंजीवांनी विचारलं, “काका, काउंटरवर साहेबाने विचारलं तर काय सांगू?”

म्हटलं, “सिंह बघायला आलो म्हणावं. आणि ब्रश बॅगेत खाली ठेव, चिवड्याच्या डब्याच्याही खाली.”