मेंदूवाली

हल्ली पुण्या-ठाण्याच्या मोठ्या सोसायट्यांत अशी एखादी तरी असते. वय २८ ते ३५ च्या मध्ये कुठेतरी. खांद्याला कापडी झोळी आणि झोळीत स्टॉपवॉच, लाल-पांढरे ठोकळे, चित्रांची कार्डं नि खोडरबर नसलेल्या पेन्सिली. खोडरबर विसरलेलं नसतं, मुद्दाम आणलेलं नसतं. माणूस कुठे चुकतो हे तिला बघायचं असतं, आणि चुकलेलं पुसायची आपल्याला शाळेपासून सवय. ही क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजीत पीएचडी करत असते. बारशाला ठेवलेलं नाव काहीही असो, सोसायटीत तिला सगळे 'मेंदूवाली' म्हणतात.

आपण काय करतो हे नातेवाइकांना समजावून सांगणं हा तिचा पीएचडीहून जुना प्रकल्प. लग्नाच्या मांडवात मावशी गाठतात.

"म्हणजे तू मेंदूची डॉक्टर ना?"

"होईन डॉक्टर, पण तशी नाही."

"ऑपरेशन करतेस?"

"नाही."

"गोळ्या देतेस?"

"नाही, मावशी."

"मग देतेस तरी काय?"

"चाचण्या घेते."

मावशी जरा विचार करतात आणि म्हणतात, "बरं, माझा गुडघा बघ."

चार-पाच लग्नं झाल्यावर तिनं एक उत्तर पाठ करून ठेवलेलं असतं. ती सांगते, एमआरआयमध्ये मेंदू कसा दिसतो ते कळतं, पण त्याच मेंदूला यादी न देता भाजी आणायला पाठवलं तर तो काय घेऊन परत येईल, हे एमआरआयमध्ये दिसत नाही. ते मी शोधते. यावर मावशी सुस्कारा सोडून यजमानांकडे बघतात. "यांचं बघून देशील का गं?"

या कामापर्यंत जाणारा रस्ता लांबचा आहे. आधी बीए, मग मानसशास्त्रात एमए. मग मूठभर जागांसाठी शेकड्यांनी अर्ज येणारी प्रवेश परीक्षा. तिच्या पिढीनं त्यानंतर पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली एमफिलची २ वर्षं वॉर्डांतून काढली, तेव्हा कुठे रुग्ण तपासायचा परवाना मिळाला. त्याच्यापुढे पीएचडी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे ती किमान ३ आणि कमाल ६ वर्षांत संपवायची, स्त्रियांना आणखी २ वर्षांची सवलत. ही सवलत तिनं घरात कौतुकानं वाचून दाखवली, त्या दिवसापासून आई तिच्याशी मोजकंच बोलते. शेजारच्या मुलानं एवढ्या काळात इंजिनियर होऊन फ्लॅट घेतला, विकला आणि दुसरा घेतला. लग्नाचंही एकदा जुळत आलं होतं. पण मुलाच्या आईनं "ही मनातलं ओळखते का हो?" असं विचारलं. हिच्या बाबांनी अभिमानानं "हो हो, सगळं!" म्हणून सांगितलं आणि मुलगा त्याच आठवड्यात दुबईला निघून गेला.

घरच्यांचे हाल निराळेच. साध्या माणसांच्या घरात दूध उतू जातं, हिच्या घरात 'डिव्हायडेड अटेन्शन' कमी पडतं. बाबा गीझर बंद करायला विसरले की ती त्याला 'प्रॉस्पेक्टिव्ह मेमरी'ची चूक म्हणते. आईनं सांगितलेलं काम धाकट्या भावानं केलं नाही, तर "तो विसरला नाही, त्याच्या डोक्यात ते शिरलंच नव्हतं," असा निवाडा मिळतो. भावाला हा निवाडा फार आवडतो.

जेवताना ती जुन्या रुग्णांच्या गोष्टी अशा सांगते, जणू ते तिच्या आजोळचे. त्यातले तिघे आता घरातलेच झाले आहेत. पहिला फिनिअस गेज. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून टाळूतून बाहेर पडली. माणूस जगला, पण स्वभाव पार बदलला. बाबा त्याला 'पहारवाले' म्हणतात. दुसरा पॅरिसचा. त्याला 'तां' एवढाच उच्चार यायचा. १८६१ मध्ये तो वारला, तेव्हा पॉल ब्रोका या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला आणि बोलण्याचा संबंध डाव्या बाजूच्या पुढच्या भागाशी लावला. तिसरा हेन्री मोलेसन. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला. फिट्स कमी झाल्या, पण त्यानंतर २००८ मध्ये मरेपर्यंत नवी ओळख म्हणून त्याच्या डोक्यात टिकली नाही. ब्रेंडा मिल्नर या बाई त्याला वर्षानुवर्षं तपासत होत्या आणि त्याच्या लेखी दर वेळी पहिल्यांदाच भेटत होत्या. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणायचा की हे मी आयुष्यात कधी केलेलं नाही. हे ऐकून आजी म्हणाली, "म्हणजे हात शहाणा झाला, पण माणसाला कळवलं नाही." मेंदूवालीनं घास तसाच ठेवून हे वाक्य वहीत लिहून घेतलं. तिच्या प्रबंधातल्या चांगल्या वाक्यांपैकी निम्मी तरी आजीची असावीत.

एरवी ती निरुपद्रवी असते. सोसायटीला तिचा त्रास सुरू होतो तो तिला 'नॉर्मल' माणसं हवी असतात म्हणून. रुग्ण तिला इस्पितळात मिळतात. पण रुग्णाला किती आठवत नाही हे ठरवायचं, तर त्याच वयाच्या, तेवढंच शिकलेल्या धडधाकट माणसाला किती आठवतं ते आधी माहीत हवं. अशा माणसांना तिच्या शास्त्रात 'कंट्रोल' म्हणतात. "मला ६० च्या पुढचे ३० कंट्रोल हवेत," असं तिनं पहिल्यांदा जाहीर केलं, तेव्हा तळमजल्यावरच्या आजोबांनी पिशवी आणि रेशनकार्ड काढून ठेवलं.

खरी पंचाईत तिच्या अटींची. डोक्याला मार लागलेला नको, फिट नको, अर्धांग नको, नैराश्य नको, दारू नको, रक्तदाब आणि साखर काबूत हवी. या चाळणीतून साठीपुढची सोसायटी गाळली, तर वर सगळे राहतात आणि खाली वॉचमन पडतो, तोही ५८ चा. बी विंगमधले काका "शनिवारी थोडीशी" म्हणाले आणि गळाले. त्यांच्यापेक्षा काकूंना जास्त धक्का बसला, कारण त्यांना तोवर काकांची फक्त एकादशी माहीत होती. आणखी एक काकू लहानपणी आंब्यावरून पडून बेशुद्ध झाल्या होत्या, म्हणून वगळल्या गेल्या. "मला नापास केलं!" म्हणत त्या अजून हिच्याशी बोलत नाहीत. जे चाळणीतून उतरले, ते मात्र 'सरकारमान्य नॉर्मल' म्हणून जिन्यात भेटेल त्याला सांगतात. याचं प्रमाणपत्र मिळत नाही, हे ती परोपरीनं समजावते. दोघांनी तरीही ते लॅमिनेट करून मागितलं आहे.

चाचणीच्या आधी संमतीपत्र असतं, चार पानी. सेक्रेटरी ते चष्मा पुसून वाचतात आणि 'वादाचे न्यायक्षेत्र' का घातलं नाही म्हणून विचारतात. 'आपण कोणत्याही क्षणी, कारण न देता, यातून बाहेर पडू शकता' या ओळीवर जोशीकाकू थबकल्या. म्हणाल्या, "लग्नाच्या वेळी असं काही वाचायला दिलं असतं, तर बरं झालं असतं."

मग प्रत्यक्ष चाचणी. एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा. हा पोरखेळ वाटतो, पण शब्द हुडकण्याचा मेंदूचा वेग त्यातून कळतो. काका विचारतात, "पाळीव की जंगली?" उत्तर मिळेपर्यंत १५ सेकंद गेलेले असतात. पुढची चाचणी १९३५ सालच्या स्ट्रूप साहेबांची. 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा असतो. वाचायची ऊर्मी दाबता येते का, हे त्यात बघतात. सेक्रेटरींना ती दाबायचीच नव्हती. "लेखी स्वरूपात लाल आहे, मी निळं कसं म्हणू? उद्या ऑडिट आलं तर?" आकडे आणि अक्षरं आलटून पालटून जोडायच्या कोड्यात निवृत्त मुख्याध्यापक १-क, २-ख, ३-ग, ४-घ असे सुसाट गेले आणि च पाशी अडले. "ङ कुठे आहे?" घड्याळ चालू राहिलं, ङ वरचं व्याख्यानही चालू राहिलं. अक्षरांऐवजी रंग जोडायला लावणारी चाचणी निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या बॅटरीत, म्हणजे चाचण्यांच्या संचात, का आहे, ते तिला त्या दिवशी नीट कळलं.

सगळ्यात मजा नावं ओळखायच्या चाचणीची. बॉस्टनमध्ये तयार झालेल्या मूळ चाचणीत ६० चित्रं आहेत आणि त्यांत बीव्हर, प्रेट्झेल, इग्लू आणि अ‍ॅस्परॅगस आहेत. बीव्हर बघून सातारच्या आजोबांनी ठामपणे "घूस" म्हटलं. प्रेट्झेलला आजींनी "कुणाची तरी जिलबी बिघडलीय" म्हटलं. अमेरिकेच्या हिशेबानं दोघंही चूक. आमच्या हिशेबानं दोघंही साठीत असावं तसं तल्लख. म्हणून मेंदूवालीनं आपल्या मातीतली चित्रं काढून घेतली: जातं, वरवंटा, फिरकीचा तांब्या, सूप. आजी-आजोबा फटाफट उत्तरं देऊ लागले. पण तरुण गटात आयटीतला एक मुलगा जात्याकडे बराच वेळ बघत राहिला. शेवटी म्हणाला, "पिझ्झा स्टोन?" त्याचा मेंदूही ठणठणीत होता.

इथे मेंदूवाली गंभीर होते, आणि ती गंभीर झाली की ऐकावं. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी कधी शाळेत गेल्या नाहीत. दीड पाव गवार, अडीचशे मिरची आणि उधारीतले मागचे सत्तर एवढा हिशेब त्या वरच्या वर करतात. त्यांच्या हातात पेन्सिल दिली आणि एकात एक गुंतलेले दोन पंचकोन काढायला सांगितले, तर हात कापतो, कारण पेन्सिल त्यांनी कधी धरलेलीच नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या १९७५ सालच्या ३० गुणांच्या चाचणीत त्यांचे बरेच गुण अशा जागी जातात, आणि कागदावर मावशींना स्मृतिभ्रंश होतो. मावशींची शाळा हुकली होती, स्मृती जागेवर होती. म्हणून तर हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांतल्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी या चाचणीचं हिंदी रूप बनवलं गेलं आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात १०० मधून सातसात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात. निम्हान्सनं २००४ च्या आपल्या बॅटरीत वय, शिक्षण आणि स्त्री-पुरुष असे वेगवेगळे निकष दिले, तेही याचसाठी. हे निकष जिन्यातल्या काका-काकूंनी तासतासभर बसून दिलेल्या उत्तरांतूनच तयार होतात.

रुग्णांसमोर तर ती वेगळीच माणूस असते. एका घरी उजव्या मेंदूत झटका येऊन गेलेल्या सासूबाई ताटातली चटणी-कोशिंबीर शिवत नव्हत्या. सून मनातून दुखावली होती. "दुखण्यातसुद्धा माझ्या हाताला नावं ठेवतात." मेंदूवालीनं काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. सासूबाईंनी चटणी संपवली आणि भाजी तशीच ठेवली. उजवा मेंदू दुखावला की पुष्कळदा डावीकडचं जगच माणसाच्या ध्यानात येत नाही, आणि आपल्याकडे चटणी-कोशिंबीर डावीकडे वाढतात. बारा वर्षांचं सासू-सुनेचं भांडण कोणत्याही समुपदेशकाला इतक्या स्वस्तात मिटवता आलं नसतं.

एवढं करून प्रबंध पुढे सरकतोच असं नाही. गाइड परिषदेला गेलेले असतात. नैतिकता समितीची बैठक कोरम न झाल्यामुळे पुढे ढकललेली असते. आकडेतज्ज्ञ 'सॅम्पल वाढवा' म्हणून मोकळे होतात. एकदा महिनाभर राबून आलेल्या निकालाची 'पी व्हॅल्यू' ०.०६ निघाली. ती ०.०५ च्या खाली लागते. घरात सुतक आलं. जन्मभर बँकेत कॅशियर राहिलेल्या बाबांना राहवेना. "एका पैशासाठी अडलंय? मी भरतो."

तर सांगायचं ते असं. ही झोळीवाली मुलगी एखाद्या रविवारी तुमच्या दाराशी येईल, तेव्हा तिला आत घ्या, चहा द्या आणि तास-दीड तास तिच्यासमोर बसा. तुम्ही आज सांगितलेल्या प्राण्यांच्या आणि भाज्यांच्या नावांवरून उद्या एखाद्या आजीचा आजार वेळेवर ओळखला जाईल आणि दुसऱ्या एखाद्या आजीवरचा आळ टळेल. ङ चा वाद घालायचाच असेल, तर घड्याळ थांबल्यावर घाला. आणि "पीएचडी कधी संपणार?" हे मात्र विचारू नका. सगळ्या चाचण्यांत तेवढी एकच अशी आहे, जिच्यात आजवर एकही नॉर्मल माणूस पास झालेला नाही.